पिशवीचा काय दोष? : एक प्रस्तावना

पहिली चूक माझीच सांगते, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळी.

बंधपत्राची नोकरी चालू होती, सातारा जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात. चाळिशीची एक बाई आली. केसपेपरवर ‘कंबरदुखी’ लिहिलेलं. बाकावरची गर्दी संपेपर्यंत ती मागे मागे राहिली आणि शेवटी आत येऊन हळूच म्हणाली, “बाई, खाली कायतरी येतंय.” मी तिला टेबलावर झोपवलं, पाय वर घ्यायला सांगितलं, दिवा ओढला. काहीच दिसेना. खोकायला लावलं, तर आतली भिंत जराशी हलली, इतकंच. अशक्तपणा असेल म्हणत मी लोहाच्या गोळ्या लिहायला घेतल्या. दाराशी आमच्या मावशी उभ्या होत्या. बाळंतपणाच्या खोलीत उभा जन्म गेलेल्या. त्या पुढे आल्या. “बाई, झोपवल्यावर ते आत जाणारच की. उकिडवं बसवा.”

जमिनीवर चादर टाकून बसवलं. जोर करायला सांगितला. मिनिटभरात गर्भाशयाचं तोंड बाहेर आलं. लिंबाएवढं, कोरडं, लुगड्याला घासून घासून चामड्यासारखं निबर झालेलं. दोन बोटांनी ते आत सारायची तिला इतकी सवय होती की मी काही म्हणायच्या आत तिनं ते सारलंसुद्धा. “अकरा वर्षं झाली,” ती म्हणाली, “धाकट्याच्या वेळेपास्नं.” धाकटा सहावीत होता.

या विषयाच्या पेपरात मला बरे गुण मिळाले होते. आधाराच्या सगळ्या अस्थिबंधांची नावं पाठ होती. पण हा आजार उभ्या बाईला होतो आणि आम्ही तो आडव्या बाईत शोधतो, हे मला मावशींनी शिकवलं. संध्याकाळी, दिवसभराचं काम झाल्यावर, उभं किंवा उकिडवं असताना तो खरा दिसतो. सकाळी दहाच्या ओपीडीत, रात्रभर झोपून उठलेल्या बाईला टेबलावर आडवं करून पाहिलं तर ‘काही नाही’ असं लिहिणं सोपं असतं. त्या दोन शब्दांवर किती जणी परत गेल्या असतील, याचा विचार मी फार करत नाही.

आपल्याकडे या आजाराला ‘अंग बाहेर येणं’ म्हणतात. काही भागात ‘अंग उतरलं’ म्हणतात. मराठी बायकांनी या ‘अंग’ शब्दावर केवढा भार टाकलाय पाहा. मूल अंगावर पितं, पांढरं अंगावरून जातं, देवी अंगात येते, दुखणं अंगावर काढतात. शरीराच्या ज्या भागाचं नाव चारचौघांत घेता येत नाही, त्याला सगळ्या शरीराचंच नाव देऊन टाकलं. नेपाळीतही हाच शब्द आहे, तिथे या आजाराला ‘आङ खस्ने’ म्हणतात. डॉक्टरी मराठीत ‘गर्भाशयभ्रंश’ आणि ‘योनिभ्रंश’ असे शब्द आहेत, पण ते उच्चारलेली एकही बाई मला भेटलेली नाही. हे पुस्तक म्हणून ‘अंग’ याच शब्दानं लिहिलं आहे.

दुसरा शब्द ‘पिशवी’, आणि त्यानं मात्र फार घोटाळा केला आहे. गर्भाशयालाही पिशवी म्हणतात आणि मूत्राशयालाही लघवीची पिशवीच म्हणतात. बाई सांगते, “पिशवी खाली आलीय.” ऐकणारा धरून चालतो की गर्भाशय. प्रत्यक्षात सर्वांत जास्त वेळा खाली येते ती योनिमार्गाची पुढची भिंत आणि तिच्यामागून मूत्राशय. कधी मागची भिंत सैल पडून गुदाशयाचा फुगवटा येतो. मग शौचाला बसल्यावर आत बोट घालून तो फुगवटा दाबल्याशिवाय पोट साफ होत नाही. ही गोष्ट नवऱ्याला सांगितलेली बाई मला तीस वर्षांत विरळाच भेटली. कधी गर्भाशय येतं, कधी तिन्ही एकत्र. म्हणजे काय खाली आलंय हे न पाहता ‘पिशवी काढून टाका’ असा सल्ला दिला, तर निर्दोष पिशवी जाते आणि दोषी पिशवी जागच्या जागी लोंबत राहते.

पण मूत्राशय तरी दोषी कसं? ओटीपोटातली ही सगळी इंद्रियं कशावर तरी टेकलेली आहेत आणि कशाला तरी टांगलेली आहेत. जुन्या घरातलं शिंकं आठवा. गर्भाशय आणि योनिमार्गाचं वरचं टोक हे शिंक्यातल्या मडक्यासारखं, मागे माकडहाडाच्या वरच्या अंगाला आणि दोन्ही बाजूंना जाणाऱ्या दोऱ्यांनी तोललेलं. आणि खाली बाज. समोरच्या हाडापासून मागच्या हाडापर्यंत विणलेला स्नायूंचा तळ, ज्यात लघवीची, योनीची आणि शौचाची अशा तीन वाटा सोडलेल्या. बाज घट्ट आहे तोवर शिंक्याच्या दोऱ्यांवर फारसा ताण येत नाही, कारण वजन खालीच पेललं जातं. बाजेची वीण ढिली झाली, मधली फट रुंदावली, की सगळा भार दोऱ्यांवर. दोऱ्या काही वर्षं तग धरतात. मग त्या ताणतात, विरतात. मडकं खाली आलं तर मडकं फोडायचं, हा न्याय फक्त या आजारातच लावला जातो.

बाज ढिली होते ती मुख्यतः बाळंतपणात. बाळाचं डोकं बाहेर येताना तळाच्या स्नायूचा आतला भाग मूळ लांबीच्या तिपटीहून जास्त ताणला जातो, असं संगणकावर प्रसूतीची प्रतिकृती बनवून केलेल्या अभ्यासात दिसलं. शरीरातला दुसरा कुठला स्नायू एवढा ताण सहन करून पुन्हा जागेवर येईल, मला सांगता येणार नाही. बहुतेक जणींचा येतोही. काहींचा हाडापासून उखडतो, आणि चिमटा लावून केलेल्या प्रसूतीत ही शक्यता वाढते. ऑक्सफर्डच्या एका दीर्घ अभ्यासात असं आढळलं की मूल न झालेल्या स्त्रीच्या तुलनेत एका बाळंतपणानंतर या आजारासाठी दवाखान्यात भरती होण्याची शक्यता चौपट होते आणि दोन बाळंतपणांनंतर आठपटीहून जास्त. यावरून ‘मग सिझरच बरं’ असा निष्कर्ष काढायला काही जण टपलेलेच असतात. सिझरनं हा धोका कमी होतो, संपत नाही. आणि पोट फाडण्याचे स्वतःचे धोके असतात, तेही पुढच्या प्रत्येक बाळंतपणात वाढत जाणारे. एवढ्यासाठी सिझर करा असं मी कुणाला सांगणार नाही.

बाळंतपणात पडलेल्या ढिलाईवर पुढची वर्षं काम करतात. चुलीच्या धुरानं जडलेला खोकला दिवसातून शंभरदा तळावर धक्का देतो. बद्धकोष्ठ असलेली बाई रोज सकाळी कुंथते, त्यातही आडोसा नाही म्हणून अंधार पडेपर्यंत शौच धरून ठेवलेली असली तर जास्तच. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन ओसरतं, आतली त्वचा पातळ होते. काहींच्या घरातच आईचं, मावशीचं अंग आलेलं असतं, कारण पेशींना बांधून ठेवणारा धागाच जन्मतः कच्चा. हंडे, मोळ्या, सिमेंटची घमेली या ओझ्यांचा नेमका वाटा किती, यावर संशोधकांत अजून मतभेद आहेत. पण बाळंत होऊन तिसऱ्या आठवड्यात डोक्यावर ओझं घेतलेली बाई ज्यानं तपासली आहे, तो त्या मतभेदात फार रमत नाही. आपल्याकडची सव्वा महिन्याची जुनी चाल यासाठी मोलाची होती. तिच्यातल्या खोलीत कोंडणं, पाणी तोडणं, धुरी देणं या गोष्टींशी माझं भांडण आहे, विश्रांतीशी नाही. पण हा सव्वा महिना कधीच सगळ्यांच्या वाट्याला आला नाही. जिच्या घरी दुसरी बाई नाही आणि जिचा रोज बुडतो, तिच्यासाठी तो कॅलेंडरातला एक आकडा.

या साऱ्याकडे आपल्याकडे पहिल्यांदा कुणी नीट मोजमाप घेऊन पाहिलं असेल तर गडचिरोलीत. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा निबंध जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रिया, तक्रार असो वा नसो, सगळ्यांना तपासलेलं. ९२ टक्के जणींना एक वा अधिक स्त्रीरोग होते आणि याआधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. हे आकडे सगळ्या स्त्रीरोगांचे आहेत, अंग बाहेर येण्याचे एकट्याचे नाहीत. पण त्या काळी ग्रामीण स्त्रीचं आरोग्य म्हणजे गर्भारपण आणि नसबंदी, एवढंच सरकारदरबारी धरलं जाई. त्या दोन टोकांच्या मध्ये आणि पलीकडे बाईला शरीर असतं, हे या निबंधानं जगाला आकड्यांत दाखवलं.

शेजारच्या नेपाळात हा प्रश्न थेट न्यायालयात गेला. २००८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की अंग बाहेर आलेल्या स्त्रियांकडे होणारं दुर्लक्ष हा त्यांच्या प्रजनन आरोग्याच्या हक्काचा भंग आहे, आणि सरकारला उपचारांची सोय करायला लावली. एका आजाराला ‘बायकांचं दुखणं’ या खात्यातून काढून ‘हक्क’ या खात्यात टाकणं ही साधी गोष्ट नव्हे. त्यानंतर तिथे शस्त्रक्रियांची शिबिरं झाली. शिबिरांतल्या शस्त्रक्रियांबद्दल माझ्या मनात शंका आहेत, त्या पुस्तकात सातव्या प्रकरणात मांडल्या आहेत.

आता जरा मागे जाऊ. हा आजार नवा नाही. चरकानं वीस योनिव्यापद सांगितले, त्यांतला महायोनी याच्याशी जुळतो. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात उपायही आहे: बाहेर आलेला भाग तुपानं माखावा, दुधानं शेकावा, आत सारावा, आणि पुन्हा येऊ नये म्हणून आत गोळा ठेवून वरून बांधावं. ग्रीक वैद्य गोळ्याऐवजी अर्धं कापलेलं डाळिंब ठेवत. बाईला शिडीला उलटं टांगून हिसके देण्याचीही त्यांची एक रीत होती, ती सोडून देऊ. गोळा असो की डाळिंब, कल्पना एकच: आत काहीतरी ठेवून आधार द्यायचा. आज सिलिकॉनची रिंग वापरतो ती याच कुळातली. माझ्या त्या पहिल्या पेशंटनं जुन्या पातळाच्या चिंध्यांचा गोळा करून ठेवला होता. तो नऊ दिवस आत राहून कुजला म्हणून ती आली होती. हेही मला तपासणीनंतरच कळलं.

शस्त्रक्रियेच्या इतिहासातलं एक पान मात्र थांबून वाचण्यासारखं आहे, कारण ते आपलं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मँचेस्टरमध्ये आर्चिबाल्ड डोनाल्ड यांनी गर्भाशय न काढता, लांबलेलं मुख कापून आणि आधाराच्या दोऱ्या आखूड करून अंग वर घेण्याची पद्धत रूढ केली. पुढे फोदरगिल यांनी तिच्यात सुधारणा केल्या. पण मुखच कापल्यावर पुढे दिवस राहणं आणि टिकणं अवघड होई. युरोपात याचं फार बिघडत नव्हतं, तिथे हा आजार मुख्यतः पाळी गेलेल्या बायकांचा. मुंबईत विशी-पंचविशीतल्या मुली अंग बाहेर घेऊन येत होत्या. एखादं मूल झालेलं किंवा तेही नाही, आणि मूल हवं असलेल्या. त्यांचं काय करायचं?

डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर गोव्यातल्या शिरोड्याचे, जन्म १८९९ चा. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले आणि शिकवलं. अकाली गर्भपात थांबवण्यासाठी गर्भाशयमुखाला घालायचा त्यांचा टाका १९५५ मध्ये जगभर गेला आणि तो आजही ‘शिरोडकर स्टिच’ म्हणूनच ओळखला जातो. त्यांचं दुसरं काम कमी लोकांना ठाऊक आहे. मँचेस्टर पद्धतीत मुख न कापता दोऱ्या ओढून घेण्याची सुधारणा त्यांनी केली, आणि पोटातून जाऊन गर्भाशयाच्या मागच्या बाजूला पट्टी शिवून ती माकडहाडाच्या वरच्या कडेला बांधण्याची शस्त्रक्रियाही बसवली. म्हणजे तुटलेल्या शिंक्याला नवी दोरी. मुंबईच्याच पुरंदरे यांच्या नावानं ओळखली जाणारी शस्त्रक्रिया हीच दोरी पुढे, पोटाच्या भिंतीकडे नेते. तिला पाठीच्या बाजूची अवघड वाट चालावी लागत नाही, म्हणून ती कमी अनुभवी हातांनाही जमते. दोन्हींमध्ये गर्भाशय शाबूत, पाळी शाबूत, मूल होण्याची आशा शाबूत. गर्भाशय जागेवर ठेवून अंग वर घेणं ही पश्चिमेकडे अलीकडे पुन्हा रुजलेली कल्पना. ती इथे गरजेपोटी कधीच जन्मली होती.

आणि याच राज्यात बीड आहे. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी केली. त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. देशात पंधरा ते एकोणपन्नास वयोगटात हे प्रमाण सुमारे ३ टक्के. या सगळ्यांचं अंग बाहेर आलं होतं असं नाही. कुणाला पांढरं जात होतं, कुणाचं पोट दुखत होतं, कुणाला कॅन्सरची भीती घातली होती. पण चक्र कळायला दोन शब्द पुरेत: उचल आणि खाडा. मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ पैशाला उचल म्हणतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि कामावर न गेलेल्या दिवसाचा दंड म्हणजे खाडा. पाळीत दोन दिवस बसलं तर खाडा, दवाखान्यात गेलं तर खाडा. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं, पुन्हा उतरायचं, तेही ओटीपोट भरून आलेलं असताना. अशा बाईला कुणी म्हणालं की पिशवी काढली की कटकट मिटली, तर ती का नाही म्हणेल? एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांनी लागू करावीत असा आदेश दिला. कागद योग्य आहे. कागद फडात पोचतो का, हे फडात जाणाऱ्यांनी सांगावं.

मी काही बाहेरून दगड मारत नाही. खासगी दवाखाना काढल्यावर पहिल्या पाच-सहा वर्षांत मीही पिशव्या काढल्या. त्यात एक बावन्न वर्षांच्या बाई होत्या, भाजीचा गाळा चालवणाऱ्या. अंग पूर्ण बाहेर. मी योनिमार्गातून गर्भाशय काढलं, पुढची भिंत शिवली, टाके सुकले, पेढे मिळाले. चार वर्षांनी त्या परत आल्या. गर्भाशय नव्हतं, पण योनिमार्गच मोज्यासारखा उलटा होऊन बाहेर आला होता. मी मडकं काढलं होतं आणि शिंक्याची दोरी तशीच सोडली होती. वरचं टोक अस्थिबंधाला बांधायला हवं होतं, ते केलं नव्हतं. त्या म्हणाल्या, “पिशवी तर काढली ना तुम्ही, मग हे काय आलं?” याचं उत्तर देताना माझी जी बोबडी वळली, तिच्यातून हे पुस्तक निघालं म्हटलं तरी चालेल. दुसरी शस्त्रक्रिया मी माझ्याहून जाणत्या हातांकडे सोपवली. अमेरिकेतल्या १९९७ च्या एका गाजलेल्या अभ्यासात अंग बाहेर येणं आणि लघवी न धरवणं यांसाठी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे २९ टक्के जणींची ती पहिली वेळ नव्हती. म्हणजे चुकणारी मी एकटी नव्हते, आणि ढिलाई शिवली तरी पुन्हा ढिलाई येऊ शकते. पेशंटला हे टाके घालण्याआधी सांगायचं असतं, नंतर नव्हे.

सुरी न लावता काय करता येतं, हा भाग पुस्तकात सर्वांत लांब आहे आणि तो मुद्दाम लांब ठेवला आहे. पहिली गोष्ट, काहीही न करणं हाही उपचार आहे. मुलं झालेल्या स्त्रियांना तपासलं तर जवळपास निम्म्यांत थोडीफार ढिलाई सापडते. त्रास सांगणाऱ्या शेकडा तीन ते सहाच. जिला त्रास नाही तिच्या सोनोग्राफीच्या कागदावर किंवा तपासणीच्या टिपणावर काही लिहिलेलं आहे म्हणून तिला टेबलावर घेऊ नये.

दुसरी गोष्ट व्यायाम. अमेरिकन डॉक्टर अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये तळाच्या स्नायूंचे व्यायाम मांडले आणि त्यांचंच नाव त्यांना पडलं. २०१४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या, ४४७ स्त्रियांवरच्या अभ्यासात शिकवून, समोर बसून करवून घेतलेल्या व्यायामानं त्रास खरोखर कमी झाल्याचं दिसलं. यात ‘शिकवून’ हा शब्द कळीचा. ‘केगल करा’ असं चिठ्ठीवर लिहून काही होत नाही. निम्म्या बाया आवळायच्या ऐवजी खाली जोर देतात, म्हणजे औषधाच्या जागी विष. मी सांगते ते असं: चारचौघांत बसलाय, वारा सुटेलसं वाटतंय, तो रोखायला जे आवळता ते. आवळा आणि आतून वर उचला. मांड्या, ढुंगण, पोट सैल. श्वास चालू. मनात सहापर्यंत मोजा, सोडा, तितकाच वेळ थांबा. असं दहादा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. आणि शिंक यायच्या आधी, हंडा उचलायच्या आधी एकदा आवळून घ्या. अंग पूर्ण बाहेर असलेल्या बाईचं यानं आत जाणार नाही, तिला तसं आश्वासन देऊ नये. सुरुवातीच्या पायरीवर मात्र हा व्यायाम सोन्यासारखा आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत. कदाचित म्हणूनच त्याची कुणी जाहिरात करत नाही.

तिसरी गोष्ट रिंग. पेसरी. सिलिकॉनची बांगडी म्हणा. मापं वेगवेगळी असतात. बोटांनी माप घेऊन ती दुमडून आत सरकवायची, आत गेल्यावर ती उघडते आणि बाजेच्या कडांवर टेकून वरचं सगळं पेलते. बसली की बाईला उठून चालायला लावायचं, जिना चढवायचा, लघवी करून यायला सांगायचं. टोचत असेल तर माप मोठं झालं, पडली तर लहान झालं. नीट बसलेली रिंग जाणवत नाही. बहुतेक जणींना ती स्वतः काढता-घालता येते. आठवड्यातून एकदा काढून साबणानं धुवायची, रात्रभर बाहेर ठेवून सकाळी घालायची. पाळी गेलेलीला सोबत इस्ट्रोजेनचं मलम. जिला जमत नाही तिनं तीन-चार महिन्यांनी दाखवायला यायचं. विसरलेली रिंग मात्र घात करते. आत रुतते, जखम होते. संबंधाबद्दल विचारायला बाया लाजतात, म्हणून मीच सांगते: चालतं, नको वाटलं तर काढून ठेवा. इतकं सोपं असून आमच्याकडच्या औषधाच्या दुकानांत रिंग मागितली तर दुकानदार आधी सोनाराचा पत्ता सांगेल. डॉक्टरांनाही ती मागासलेली वाटते. शस्त्रक्रिया केली की काहीतरी केल्यासारखं होतं, तसं रिंगेत होत नाही.

शस्त्रक्रियांचं प्रकरण इथे उघडत नाही. गर्भाशय ठेवून दोरी बांधणं, काढून टोक बांधणं, दुर्बिणीतून जाळी बांधणं, आणि संबंध पूर्ण थांबलेल्या वृद्धेचा मार्गच बंद करून घेण्याची १८७७ पासूनची लफोर यांची पद्धत, हे सगळं आत सविस्तर आहे. शेवटचीसाठी बाईला तीन वेळा, तेही मुलाला-सुनेला बाहेर पाठवून, विचारावं. जाळीबद्दल मात्र दोन ओळी. दोन हजारच्या दशकात योनिमार्गातून बसवायच्या तयार जाळ्यांची लाट आली. टाक्यांपेक्षा टिकाऊ म्हणून विकल्या गेल्या. मग त्या आतून वर येऊ लागल्या, टोचू लागल्या, काढताही येईनात. इंग्लंडनं २०१८ मध्ये त्यांचा वापर थांबवला, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं एप्रिल २०१९ मध्ये उरलेल्या कंपन्यांची विक्री बंद केली. पोटातून बांधायच्या पट्टीचा हिशेब वेगळा आहे, दोन्ही एकाच तराजूत घालू नयेत.

आणि वाट पाहू नये अशा काही गोष्टी: पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं, लघवी अडणं, बाहेर आलेल्या भागावर बरी न होणारी जखम. पूर्ण बाहेर आलेलं अंग वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर मूत्रवाहिन्या मुरगळून मूत्रपिंडं सुजतात. हा आजार जीव घेत नाही म्हणून त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही हे खरं, पण या वाटेनं तो घेऊही शकतो.

पुस्तक क्रमानं वाचायलाच हवं असं नाही. जिला स्वतःसाठी हवंय तिनं तिसरं आणि पाचवं प्रकरण आधी वाचावं. आशाताईंसाठी शेवटी वेगळी पानं आहेत. मोठी अक्षरं, कमी शब्द. डॉक्टरांनी सगळं वाचावं, विशेषतः ज्यांना सगळं येतं त्यांनी.

कच्चा खर्डा मी गेल्या वर्षी एका गावच्या बचत गटाला वाचून दाखवला. पंचवीस-तीस बाया, शाळेच्या खोलीत, दार लावून. पहिली दहा मिनिटं पदराआडून हसणं. मग एकीनं विचारलं, आणि मग थांबेनाच. मजकुरात त्यांनी फारसं काही बदललं नाही. चित्रावर मात्र अडल्या. चित्रकारानं पाठ्यपुस्तकातून घेऊन ओटीपोटाचा आडवा छेद काढला होता, बाई उताणी, पाय एकीकडे, डोकं नाहीच. एक म्हातारी चष्मा लावून ते पान जवळ घेऊन बराच वेळ पाहत बसली. शेवटी म्हणाली, “ही झोपलीय का मेलीय?” सगळ्या हसल्या. ती हसली नाही. “उभी काढा,” म्हणाली, “डोक्यावर कायतरी दिऊन काढा.”

एकतिसाव्या पानावरचं चित्र आता उभं आहे. डोक्यावर पाटी आहे, चेहराही आहे.